पेजमेकर उघडतोय तोवर मजकूर बाहेर काढा

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मोफत सुरक्षा अपडेट मिळणं थांबलं. तेव्हापासून डीटीपीवाल्यांकडे नवा संगणक आला, की पहिली चौकशी असते ती जुन्या पेजमेकरची. साहजिकच आहे, कित्येक दिवाळी अंक अजून त्याच फायलींत आहेत.

विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे आणि त्यावर १६-बिटचं काहीच चालत नाही. नव्वदीतल्या पुष्कळ सॉफ्टवेअरचं गाडं इथंच अडतं: प्रोग्राम ३२-बिटचा, पण सीडीवरचा सेटअप १६-बिटचा. अशा वेळी कम्पॅटिबिलिटी मोड कितीही बदला, उपयोग नाही. सेटअप पुरा होऊनही सेटिंग सेव्ह होत नसतील, तर प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’ऐवजी सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून पाहा. व्हिस्टापासून ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहायला साध्या प्रोग्रामला मुभा नाही.

मराठी फॉन्टच्या डोंगलचं दुखणं मोठं. त्याच्या जुन्या ड्रायव्हरवर डिजिटल सही नसते, म्हणून विंडोज तो नाकारतं. मग कुणीतरी सल्ला देतं, सहीची तपासणीच बंद करा, अँटिव्हायरस काढा. हे अजिबात करू नका. त्याच संगणकावर तुमची बँक आणि जीएसटी असतं. त्यापेक्षा व्हर्च्युअलबॉक्समध्ये ३२-बिट एक्सपी टाका, त्याचं इंटरनेट तोडा आणि यूएसबी डोंगल त्याला जोडून द्या. डोंगल जुन्या प्रिंटर पोर्टचं असेल, तर जुना संगणकच नेटविना जपावा लागेल.

पण ही सगळी धडपड मजकूर सोडवण्यापुरतीच करावी, असं माझं ठाम मत आहे. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट गेला, की पानभर अर्थहीन रोमन अक्षरं उरतात. पीडीएफ छापायला ठीक, पण त्यातून मजकूर कॉपी केला की बहुधा तोच घोळ. म्हणून मजकूर एक्स्पोर्ट करून, त्याच फॉन्टसाठी असलेल्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा.

नंतर मुद्रितशोधन टाळू नका. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होई. युनिकोडमध्ये नेमकं उलट. ‘वार्षिक’मध्ये दोन्ही एकाच अक्षरावर येतात आणि कन्व्हर्टर बहुधा तिथेच अडखळतो. आधी असे शब्द शोधून तपासा, मग जोडाक्षरं.