रुपयातले आपले पैसे : अर्थसंकल्पाचे ‘१०अ’ कोण वाचणार?

दरवर्षी १ फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांचे भाषण संपते न संपते तोच आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोन प्रकारचे संदेश फिरू लागतात. एकात अनुसूचित जातींसाठी विक्रमी तरतूद झाल्याचे अभिनंदन असते, दुसऱ्यात आपल्याला काहीच मिळाले नाही असा संताप. दोन्हीकडच्या फार थोड्यांनी मूळ कागद उघडलेला असतो. चार दिवसांत विषय संपतो आणि वर्षभराने पुन्हा तेच संदेश येतात. तरतूद किती जाहीर झाली, एवढ्यावर थांबून चालणार नाही. ती कोणत्या योजनेत दाखवली, त्यातली किती थेट माणसापर्यंत जाते आणि ती दुसरीकडे वळवली तर जाब कोणाला विचारायचा, हे तीन प्रश्न आपण विचारायला हवेत.

आधी हिशेब पाहू. २०२५-२६ चा केंद्राचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये आहे. सरकार ‘रुपया कसा जातो’ हे दाखवते, तेव्हा त्यात राज्यांना मिळणारा करांचा वाटाही धरते. त्या रुपयातले २२ पैसे राज्यांच्या करवाट्याला, २० पैसे कर्जाच्या व्याजाला, ८ पैसे संरक्षणाला आणि ४ पैसे निवृत्तिवेतनाला जातात. अनुदानांना ६ पैसे मिळतात. केंद्राच्या स्वतःच्या योजनांना १६ आणि राज्यांबरोबर राबवायच्या केंद्रपुरस्कृत योजनांना ८ पैसे येतात. म्हणजे योजनांसाठी एकूण २४ पैसे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आहे. योजनांच्या २४ पैशांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा धरला तर तो चार पैशांच्या आसपास येतो. अनुसूचित जातींच्या विकास कृती आराखड्यात या वर्षी दाखवलेली रक्कम आहे १,६८,४७८ कोटी. त्याच रुपयात मोजली तर ती अडीच पैशांहून थोडी जास्त भरते. प्रत्येक मंत्रालयाला वाट्याची वेगवेगळी टक्केवारी ठरवून दिलेली असल्याने हा हिशेब ढोबळ आहे, हे मान्य. पण ढोबळ हिशेबातही फरक लपत नाही.

आता या अडीच पैशांच्या आत पाहू. अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत ‘एक्स्पेंडिचर प्रोफाइल’ नावाचा खंड असतो. त्यातले विवरणपत्र १०अ अनुसूचित जातींचे आणि १०ब अनुसूचित जमातींचे. १०अ उघडले की शिष्यवृत्ती आणि वसतिगृहांच्या जोडीला खतांचे अनुदान, अन्नधान्याचे अनुदान, रोजगार हमी, पीएम किसान अशा सर्वांसाठीच्या योजनांचा हिस्साही दिसतो. रोजगार हमीवर आपली माणसे राबतात आणि रेशनही घेतात, यात वाद नाही. पण खताच्या अनुदानाचा फायदा जमीन असणाऱ्याला होतो, आणि आपल्यातली मोठी संख्या भूमिहीन शेतमजुरांची आहे. त्या अनुदानातली ठरावीक टक्केवारी आपल्या नावे टाकली, म्हणजे ती आपल्या घरात आली असे होत नाही.

दलित आर्थिक अधिकार आंदोलन ही संघटना दरवर्षी या विवरणपत्राची चिरफाड करते. तिच्या विश्लेषणानुसार २०२४-२५ मध्ये दाखवलेल्या १,६५,४९३ कोटींपैकी थेट अनुसूचित जातींच्या व्यक्ती व वस्त्यांसाठी असलेली रक्कम सुमारे ४४ हजार कोटी होती. साधारण चौथा हिस्सा. बाकीचे तीन हिस्से सर्वसाधारण योजनांचे होते.

सुरुवात अशी नव्हती. १९७९-८० मध्ये विशेष घटक योजना आली तेव्हा विचार सरळ होता. सर्वसाधारण विकासाचे पाणी आपल्या वस्तीपर्यंत येत नाही, म्हणून प्रत्येक खात्याने लोकसंख्येच्या प्रमाणात निधी बाजूला काढावा, तो परत जाऊ नये आणि दुसरीकडे वळवू नये. २०१० मध्ये डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालील कार्यदलाने मंत्रालयनिहाय टक्केवारी सुचवली. २०११-१२ पासून अर्थसंकल्पात स्वतंत्र विवरणपत्र येऊ लागले. पुढे नियोजन आयोग गेला, २०१७-१८ पासून योजना आणि योजनेतर खर्चाचा भेद संपला. या उपाययोजनेचा आधारच ‘योजना खर्च’ होता. तो गेल्यावर नाव बदलले, विवरणपत्र राहिले. मात्र वाटा न देणाऱ्या मंत्रालयाला शिक्षा करणारा केंद्रीय कायदा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

कायदा नसला की काय होते, याची उदाहरणे सर्व पक्षांच्या राजवटीत सापडतात. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीच्या विशेष घटक योजनेतले सुमारे ६७८ कोटी रुपये वळवल्याची कबुली तेव्हाच्या केंद्र सरकारला संसदेत द्यावी लागली. कर्नाटकात २०१३ चा कायदा असूनही २०२३ मध्ये उपयोजनांतले सुमारे ११ हजार कोटी हमी योजनांकडे गेले. महाराष्ट्रात मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी लाडकी बहीण योजनेसाठी वळवले गेले. त्यावर खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली.

लाडकी बहीण योजनेचा लाभ आपल्या आयाबहिणींनाही मिळतो, मग तक्रार कशाला, असे आपल्यातलेच काही जण विचारतात. आमचे उत्तर असे की त्या योजनेला विरोध नाही. तिचे पैसे सर्वसाधारण तिजोरीतून यावेत, कारण त्या बहिणी या राज्याच्या नागरिक आहेत. उपयोजनेतला निधी मागे राहिलेले अंतर भरून काढण्यासाठी आहे. नागरिक म्हणून मिळणारा हक्क आणि शतकांच्या अन्यायाची भरपाई या दोन्हींसाठी एकाच खिशात हात घालायचा, तर भरपाई होणार कधी?

याचा सर्वांत मोठा फटका शिक्षणाला बसतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिला आपण ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणून ओळखतो, तिच्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पाच वर्षांचा ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला. ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. राज्याने आपला वाटा भरल्याशिवाय केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या खात्यावर येत नाही. त्यामुळे मुंबईत अडकलेली फाईल नांदेडच्या विद्यार्थ्याची टीसी अडवते. उत्पन्नाची अट दहाहून अधिक वर्षे अडीच लाखांवर थांबली आहे, त्याच काळात महाविद्यालयांचे शुल्क कुठे पोहोचले ते प्रत्येक घराला माहीत आहे. परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीत २०२५ मध्ये १०६ जणांची निवड झाली, पण सुरुवातीला पत्रे मिळाली ४० जणांना. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास, असे कळवण्यात आले. परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हातात असलेल्या मुलाने त्या ‘झाल्यास’चे काय करायचे?

बाबासाहेबांना हे नेमके ठाऊक होते. ते अर्थशास्त्रज्ञ होते, ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणाची आर्थिक जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारांवर टाकली आणि शिक्षणाच्या अर्थसंकल्पावर या खर्चाचा पहिला हक्क राहील, असे सुचवले. परदेशी शिक्षणासाठी वर्षाला दहा लाख आणि स्वतंत्र वसाहतींसाठी पाच कोटी, असे आकडेही घातले. ही कलमे त्यांना संविधानात हवी होती. सरकारच्या सदिच्छेवर सोडलेली तरतूद टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून पहिली मागणी कायद्याची. आंध्र प्रदेश, कर्नाटक, तेलंगणात उपयोजनेचे कायदे झाले. महाराष्ट्रात अजून नाही. कायदा असूनही पैसा वळतो हे कर्नाटकाने दाखवले. तिथल्या कायद्यातली ‘मानीव खर्चा’ची पळवाट २०२३ मध्ये काढावी लागली. तेव्हा नुसता कायदा पुरेसा नाही. न खर्चलेला निधी पुढच्या वर्षी त्याच कामासाठी राखून ठेवणे, सर्वसाधारण योजनांचा काल्पनिक हिस्सा न मोजणे आणि निधी वळवणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई, या तीन गोष्टी कायद्याच्या मसुद्यात असल्याच पाहिजेत.

दुसरी गोष्ट जनगणनेची. वाट्याची टक्केवारी अजून २०११ च्या आकड्यांवर चालते. २०२७ च्या जनगणनेने ती बदलेल. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रातही मिळाला. पण जनगणनेत धर्म आणि अनुसूचित जात या दोन वेगळ्या नोंदी असतात. धर्म ‘बौद्ध’च लिहायचा, यात तडजोड नाही. मात्र जातीची नोंद कोरी राहिली, तर आपले कुटुंब या टक्केवारीत मोजले जात नाही. धम्माची ओळख आणि घटनात्मक हक्क दोन्ही कसे राखायचे, याची चर्चा प्रत्येक विहारात प्रगणक दारात येण्याआधी व्हायला हवी.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली. केंद्राच्या अर्थसंकल्पाची तयारी शरदातच सुरू होते, त्यामुळे फेब्रुवारीत जागे होणे म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडवात पोहोचणे. खर्चाच्या हिशेबात अनुसूचित जाती उपयोजनेचे लघुशीर्ष ७८९ असते. आपल्या जिल्ह्यात या शीर्षाखाली किती आले, किती खर्चले, किती परत गेले, हे माहिती अधिकारात विचारा. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मागा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १५ टक्के आणि जिल्हा परिषदेच्या सेसमधले २० टक्के मागासवर्गीयांसाठी असतात. ते कशावर गेले, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. दहा तरुणांनी एका तालुक्याचा तीन वर्षांचा हिशेब मांडला, तर तो आमदारासमोर ठेवायला कोणत्याही मोर्चापेक्षा जड पुरावा होईल.

येत्या १ फेब्रुवारीला भाषण ऐकूच. पण त्या संध्याकाळी संदेश पुढे ढकलण्याआधी १०अ उघडू, आणि आपल्या नावावर लिहिलेले पैसे खरोखर आपले आहेत का, ते एकेक ओळ तपासू.