बाटली गेली, चिलीम आली: ही मुक्ती म्हणावी काय?

“दारू सोडून आठ महिने झाले. आता फक्त रात्री झोप यावी म्हणून थोडा गांजा ओढतो. त्यात कोणाचे काय बिघडले?” मद्यमुक्तीच्या वाटेवर असलेल्या तरुणांकडून असा प्रश्न अलीकडे वारंवार ऐकू येतो. घरची माणसेही त्यावर निरुत्तर होतात. घरातील भांडणे थांबलेली असतात, पगार घरी येऊ लागलेला असतो. ‘हे वाईट खरे, पण त्या दारूपेक्षा बरे’ असे पत्नीला वाटले, तर तिला दोष कोण देईल? मात्र हा दिलासा किती टिकाऊ आहे, हे शांतपणे पाहणे आवश्यक आहे.

गांजा आपल्या देशाला नवीन नाही. परंतु दारू सोडून गांजा घेणाऱ्यालाही व्यसनमुक्त मानावे, हा विचार मुख्यत्वे अमेरिकेतून आला आहे. तेथे त्याला ‘कॅलिफोर्निया सोबर’ असे नाव पडले. २०१२ साली कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांनी गांजाला मान्यता दिली. २०१८ मध्ये कॅनडाने व २०२४ मध्ये जर्मनीने तोच मार्ग धरला. २०२२ सालच्या पाहणीनुसार अमेरिकेत रोज अथवा जवळजवळ रोज गांजा घेणारे सुमारे १ कोटी ७७ लाख होते, तर तितक्याच वेळा मद्य घेणारे १ कोटी ४७ लाख. या विचाराचा उघड पुरस्कार करणारी गायिका डेमी लोव्हाटो हिने २०२१ च्या अखेरीस तो मार्ग सोडल्याचे व पूर्ण संयम हाच आपल्यासाठी एकमेव मार्ग असल्याचे जाहीर केले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

संशोधन काय सांगते? अमेरिकेत मद्यासक्तीवर उपचार घेणाऱ्या १,३८३ व्यक्तींच्या एका मोठ्या चाचणीतील माहिती २०१७ साली पुन्हा तपासण्यात आली. उपचारकाळात गांजा घेणाऱ्यांचे मद्याविना गेलेले दिवस इतरांपेक्षा कमी भरले. फरक फार मोठा नव्हता, पण तो उलट दिशेचा होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, मद्यविकार जडलेल्यांपैकी जे गांजा घेत होते, त्यांचा विकार तीन वर्षांनंतरही टिकून राहण्याची शक्यता अधिक आढळली. याउलट, २०२५ साली ब्राऊन विद्यापीठाच्या प्रयोगात गांजा ओढल्यानंतरच्या दोनएक तासांत सहभागी व्यक्तींनी मद्य कमी घेतले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु दोन तासांचा संयम म्हणजे आयुष्याची उभारणी नव्हे. गांजा हा मद्यासक्तीवरील सिद्ध उपचार आहे, असे आजवरच्या संशोधनावरून म्हणता येत नाही.

यामागील कारण समजण्यास कठीण नाही. दारू सुटल्यावर कित्येक आठवडे झोप येत नाही, जीव घाबरा होतो. अशा वेळी गांजाने गुंगी येते व औषध सापडल्यासारखे वाटते. पुढे सवय जडते. मग गांजा न मिळाल्यास चिडचिड, अस्वस्थता व निद्रानाश पुन्हा उभे राहतात, आणि त्या क्षणी ओळखीची बाटली जवळची वाटते. शिवाय गांजामुळे स्मरणशक्ती व एकाग्रता मंदावते. दुःख, राग व एकटेपणा यांना नशेविना सामोरे कसे जावे हे ज्या काळात शिकायचे, नेमक्या त्याच काळात शिकण्याची क्षमता क्षीण होते.

भारताच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, मद्याच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले सुमारे ५ कोटी ७० लाख लोक आहेत. भांग, गांजा वा चरस यांबाबत ही संख्या सुमारे ७२ लाख आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा व चरस बाळगणे आणि सेवन करणे हा गुन्हा आहे. मात्र स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, सेवन वा अल्प साठ्याच्या बाबतीत, त्याच कायद्याचे कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते. तेव्हा भीतीपोटी उपचार टाळू नयेत.

ख्रिस्तसभेची भूमिका स्पष्ट आहे. केवळ उपचारासाठी केलेला वापर वगळता अमली पदार्थांचे सेवन हा गंभीर अपराध होय, असे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २२९१) शिकवतो. पोप फ्रान्सिस यांनी जून २०१४ मध्ये रोम येथे मनोरंजनासाठीच्या अमली पदार्थांना मान्यता देण्यास विरोध दर्शवला होता. परंतु नियमापेक्षाही खोल जाणारा एक दृष्टान्त प्रभू येशूने दिला आहे (मत्तय १२:४३-४५). माणसातून निघालेला अशुद्ध आत्मा परत येतो, तेव्हा त्याला घर झाडलेले, सजवलेले, पण रिकामे आढळते; मग तो आणखी सात आत्मे घेऊन तेथे वस्ती करतो. दारू काढून टाकली, पण तिची जागा प्रार्थना, नाती, काम व सत्य यांनी भरली नाही, तर ते घर रिकामेच राहते.

घर भरण्याचे हे कार्य आपल्याकडे होत आले आहे. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे कृपा फाउंडेशनची सुरुवात केली; १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभारले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांचा पायाही स्वतःशी व इतरांशी प्रामाणिकपणा हाच आहे. म्हणून लपवून ओढलेला गांजा शरीराआधी या पायावरच घाव घालतो.

मग आपण काय करावे? अशा बंधूला ढोंगी म्हणून हिणवू नये. त्याने आठ महिने दारूला नकार दिला, ही लहान गोष्ट नव्हे. त्याबद्दल त्याचे कौतुक करावे. त्याच वेळी, “तू हे समुपदेशकाला सांगितलेस का?” असे प्रेमाने विचारावे. झोपेच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे त्याच्या सोबत जावे. शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्ती मदतवाहिनी विनामूल्य आहे. पत्नीनेही ‘दारूपेक्षा बरे’ म्हणत गप्प न राहता धर्मगुरूंशी वा समुपदेशकाशी बोलावे. आणि आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने स्वतःला विचारावे: संध्याकाळी ज्याचे घर रिकामे आहे, त्याच्यासाठी आपल्या घराचे दार उघडे आहे काय?