चौकातला डोळा आणि आपला पत्ता

मैत्रिणींनो, हल्ली चौकाचौकांत खांबांवर कॅमेरे दिसतात. ‘चला, पोरीबाळींची काळजी मिटली!’ असं आपल्याला वाटून जातं. पण नुसतं दिसून काय उपयोग? धावून यायला माणूस लागतो, आणि त्याला वेळेवर निरोप मिळावा लागतो.

मुंबईचंच पाहा ना. २००८ च्या अतिरेकी हल्ल्यानंतर शहरभर कॅमेरे बसवायचं ठरलं. २०१६ मध्ये ही योजना सुरू झाली, तेव्हा सुमारे १,५०० ठिकाणी ४,५०० हून अधिक कॅमेरे होते. नियंत्रण कक्षात बसून पोलीस ही चित्रं पाहतात. पण इतक्या चित्रांवर एकाच वेळी नजर कशी राहणार? नेमकं कुठे पाहायचं, गाडी कुठे धाडायची, हे बहुधा कुणाच्या तरी फोनवरूनच कळतं.

त्यासाठी ११२ हा क्रमांक आहे. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, काहीही हवं असो, हा एकच क्रमांक लक्षात ठेवा. महाराष्ट्रात हा फोन आधी नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात जातो. तिथून निरोप आपल्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला, आणि मग जवळच्या गाडीला. मोबाइलवरून त्यांना जागेचा अंदाज येतो, पण गल्ली आणि घर आपणच सांगायचं.

आणि इथेच घोडं अडतं! मी शिकवते त्या वर्गात मुलींना म्हटलं, “घाईत मदत बोलवायची आहे, पत्ता सांगा.” निम्म्याजणींनी सांगितलं, “मारुतीच्या देवळाजवळ.” अहो, मारुतीचं देऊळ नाही असं गाव दाखवा मला!

तेव्हा एवढं कराच. जिल्हा, गाव, पेठ किंवा रस्ता, इमारतीचं नाव, मजला, या क्रमाने पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात लावा. फोनवर आधी ‘कुठे’ ते सांगायचं, मग ‘काय झालं’ ते. बोलणं मध्येच तुटलं, तरी गाडी निघू शकते.

इमारतीत कॅमेरा बसवणार असाल, तर त्याचं तोंड फाटकाकडे ठेवा, शेजारणीच्या दाराकडे नको. चित्रण कोण पाहणार, ते किती दिवस राहणार, हे सभेत विचारायला लाजू नका. जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून चोरीबिरी झालीच, तर त्याच दिवशी ते जपून ठेवायला सांगा.

आज रात्री जेवणं आटोपली की मुलांकडून आणि सासूबाईंकडूनही पत्ता एकदा म्हणवून घ्या बरं का!