दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी

ज्या कुणब्याच्या गोठ्यात बैल नाहीत त्याची पेरणी पावसावर अवलंबून नसते, शेजाऱ्याच्या मर्जीवर असते. मृगाचा वाफसा निघून जातो आणि शेजारी म्हणतो, "आधी माझे शेत उरकू दे." ही गोष्ट शेतकरी बंधूंना आम्ही शिकवावी असे नाही. परंतु देशाचे संरक्षण व परराष्ट्रांशी व्यवहार हे मोठ्या लोकांचे गूढ शास्त्र आहे, ते आपल्या डोक्यात शिरावयाचे नाही, अशी एक समजूत आपल्यांत रुजली आहे. ती साफ खोटी आहे. ते शास्त्र या बैलजोडीच्या हिशेबाहून फारसे निराळे नाही. खात्री करावयाची असेल त्याने गोवंडीस यावे.

हार्बर रेल्वेवरील या गोवंडीच्या उत्तर अंगास देवनारचा उकिरडा आहे. १९२७ सालापासून तो मुंबईचा केर पोटात घेत आला. दक्षिण अंगास ट्रॉम्बेचा डोंगर व खाडीकाठी भाभा अणुसंशोधन केंद्र. या डोंगराचा इतिहास म्हणजे आपल्या देशाच्या परराष्ट्रनीतीचा इतिहास होय.

येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही पहिली अणुभट्टी पेटली. ती बांधली आपल्या माणसांनी, पण तिचे जळण आले विलायतेहून. पुढे १९६० साली 'सायरस' चालू झाली. ती भट्टी दिली कॅनडाने, तिला लागणारे जड पाणी दिले अमेरिकेने. देणाऱ्यांची अट एकच, की हिचा उपयोग शांततेच्या कामीच व्हावा. १९६२ साली चीनने आपणांस उत्तर सरहद्दीवर मार दिला आणि १९६४ च्या ऑक्टोबरात अणुबाँब उडविला. मग १८ मे १९७४ रोजी आपण पोखरणला स्फोट केला. त्याचे प्लुटोनियम सायरसच्या जळक्या इंधनातूनच काढलेले होते. कॅनडा म्हणाला, वचन मोडले. आपले सरकार म्हणाले, स्फोट शांततेसाठीच होता. या वादाचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. आम्हांस पाहावयाचे ते पुढे काय झाले हे.

कॅनडाने हात काढून घेतला. राजस्थानात रावतभाट्याची दुसरी अणुभट्टी अर्धवट उभी राहिली. अमेरिकेने १९७८ साली नवा कायदा केला, आणि आपल्या तारापूरला तीस वर्षे इंधन पुरविण्याचा लेखी करार असताही ते इंधन अडविले. अणुसामग्री विकणाऱ्या राष्ट्रांनी एकजूट करून दुकाने बंद केली. उसन्या बैलांच्या धन्याने ऐन पेरणीत जू उतरवून नेले, दुसरे काय?

मराठ्यांस हा अनुभव नवा नव्हता. महादजी शिंद्यांनी डी बॉईन या परदेशी सरदाराकडून कवायती पायदळ उभे करविले. आग्र्याकडे तोफा ओतण्याचे कारखाने चालत. हात आपल्या ओताऱ्यांचे व लोहारांचे. हुकूम मात्र परक्यांचा. १८०३ साली दौलतराव शिंद्यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले. तेव्हा कंपनीचा जाहीरनामा निघताच इंग्रज वंशाचे पुष्कळ अंमलदार चाकरी सोडून गेले, आणि मुख्य सेनापती पेराँ हा फ्रेंच मनुष्य युद्धाच्या भरातच इंग्रजांच्या आश्रयास गेला. आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणात आपले गोलंदाज तोफांशेजारी उभ्या उभ्या मेले. त्यांच्या छातीत उणीव नव्हती. उणीव ही, की तोफ त्यांची होती आणि तोफेमागची विद्या भाड्याची होती.

ट्रॉम्बेच्या बाबतीत इतकाच फरक पडला, की या वेळी विद्या पळून गेली नाही. रावतभाट्याचे अर्धे राहिलेले काम आपल्या इंजिनियरांनी, फिटरांनी व वेल्डरांनी पुरे केले. १९८५ साली सायरसशेजारी 'ध्रुव' ही घरची भट्टी पेटली. प्रथम तिच्यातील इंधनाच्या कांड्या थरथरू लागल्या. ती खोड शोधून काढून तीही आपल्याच लोकांनी मोडली. मे १९९८ मध्ये पोखरणला पुन्हा स्फोट झाले, अमेरिकेने व जपानने निर्बंध घातले, तरी चूल विझली नाही. आणि २००८ साली त्याच अमेरिकेने आपल्याशी अणुकरार केला. ज्याच्या गोठ्यात स्वतःचे बैल उभे राहिले त्याच्याशी सावड करावयास शेजारी आपण होऊन आला. सावडीतही देणे असतेच. ठरल्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०१० रोजी सायरस कायमची बंद करावी लागली. परंतु सावड ही बरोबरीच्यांची असते. परराष्ट्रांशी सावड जरूर असावी, उसनवारी नसावी, एवढेच परराष्ट्रनीतीचे सार आहे. आजही बाहेरून शस्त्रे विकत घेणाऱ्या जगातील पहिल्या काही देशांत आपण आहो, हे ध्यानात घेतले म्हणजे अजून किती वाट चालावयाची आहे ते कळेल.

आता दिव्याखालचा अंधार पाहा. ज्या एम पूर्व वॉर्डात हा डोंगर आहे, तोच वॉर्ड महानगरपालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सर्व मुंबईत तळाशी निघाला. डोंगरापलीकडे अणू फोडण्याची विद्या. अलीकडे उकिरड्यावर भंगार वेचणारी पोरे. कोणी विचारील, शाळेचा आणि संरक्षणाचा संबंध काय? संबंध हाच, की ध्रुवची थरथर तोफांनी थांबली नाही, शिकलेल्या हातांनी थांबली. जी विद्या थोड्या घरांतच कोंडून राहते ती उरलेल्या देशाला परकीच असते, आणि परकी विद्या दगा कधी देईल याचा नेम नाही. केंद्रातील गुपिते आम्हांस नकोत, ती कुलपातच असावीत. आम्हांस हवी ती सरकारने व महानगरपालिकेने द्यावी: गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर येथील प्रत्येक शाळेला विज्ञानाचा शिक्षक, आणि मुलामुलींना हत्यार धरावयास शिकविणारा कारखाना.

आणि आईबापांनो, तुम्हांसही दोन शब्द. आठ दिवसांच्या मजुरीसाठी पोराला शाळेतून काढू नका, आणि पोरीला तर मुळीच नको. सरहद्दीवर पहारा देणारा जवान तुमच्याच घरचा असतो. त्याच्या हातातील बंदूक कोणाच्या विद्येची असावी, हे तुमच्या घरातील पाटी ठरविणार आहे.