फुल्यांची वही काढून घ्या

सोनगीरच्या वक्तृत्व सभेत आपलं पोरगं बोलायला उठलं की कोपऱ्यात शुद्ध भाषेचा एक फौजदार वही उघडून बसतो. 'पाणी'चं 'पानी' झालं, मार फुली. 'डोळा'चा 'डोया' झाला, मार फुली. परवा पोरगं मजुरी बुडवणाऱ्यांवर बोललं. वहीत नऊ फुल्या. बुडालेल्या मजुरीबद्दल एक अक्षर नाही!

शुद्ध म्हणजे कुणाचं, साहेब? असोद्याच्या बहिणाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिची खानदेशी गाणी १९५२ साली पुस्तकात आली, तुम्ही डोक्यावर घेतली. तीच बोली पुस्तकात गोड आणि आमच्या तोंडात चूक?

मी गोदीत हमाली करतो. तिथं 'हटो' म्हणून वरडलं की क्रेनखालचा गडी व्याकरण तपासत नाही, बाजूला होतो.

१८८५ साली रानड्यांनी जोतिबांना ग्रंथकार सभेचं आवतन धाडलं. जोतिबांनी ते झिडकारलं. शूद्रातिशूद्रांच्या हक्काला जिथं जागा नाही, तिथं त्यांना बसायचं नव्हतं. आपण सभेत बसू, पण वही काढून घेऊ. दोस्तांनो, पुढच्या सभेत आपल्याच बोलीत बोला. टिपायचंच असेल तर मजुरी कुणाची बुडाली, कुणी बुडवली, ते टिपा.

जय भीम!