ऐतिहासिक बालकथेत २०१२ साल यायला हवं

मुलांसाठी ऐतिहासिक कथा म्हणून आमच्याकडे जे लेखन येतं, त्यात गडकिल्ले आणि स्वातंत्र्यलढा यांचाच भरणा असतो. आज बारा वर्षांचं असलेलं मूल २०१२ साली जन्मलंही नव्हतं. त्याच्या लेखी तोही इतिहासच. त्या ऑगस्टमध्ये बंगळुरूत जे घडलं, ते मराठी बालसाहित्यात यावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

जुलैत आसामच्या कोक्राझार, चिरांग, धुबरी भागांत बोडो आणि बंगालीभाषक मुस्लिम यांच्यात हिंसाचार उसळला आणि लाखो लोक छावण्यांत गेले. त्याचा सूड ईशान्येतल्या माणसांवर उगवला जाणार, २० ऑगस्टच्या ईदनंतर हल्ले होणार, अशा अफवा एसएमएसवरून पसरल्या. १५ तारखेपासून बंगळुरूच्या सिटी स्थानकावर रीघ लागली. गुवाहाटीसाठी जादा गाड्या सोडाव्या लागल्या. पुण्यात त्याआधीच ईशान्येतल्या तरुणांना मारहाण झाली होती आणि तिथूनही माणसं निघाली. म्हणजे हा विषय परका म्हणून आपल्याला टाळता येत नाही.

अफवा खोटी होती, तरी हजारो माणसांना ती खरी का वाटली? कथेचा जीव या प्रश्नात आहे. उत्तर स्थानकावरच्या गर्दीत शोधू नका, आधीच्या वर्षांत शोधा. शाळेत ‘चिंकी’ म्हणून मारलेल्या हाका, खोली भाड्याने देताना घातलेल्या अटी, ‘कुठल्या देशाचे?’ ही विचारणा. समजा, कथेतली मुलगी दहा वर्षांची आहे. आई ब्युटी पार्लरमध्ये कामाला, वडील सुरक्षारक्षक, त्यांचा पंधरा दिवसांचा पगार अडकलेला. आई फोनवरचा संदेश दोनदा वाचते आणि कुकर पिशवीत भरते. मुलीला कळतं ते एवढंच, की कुकर नेतोय म्हणजे लवकर परत यायचं नाही. आणि गाडी जाणार कुठे, तर नातेवाईक छावणीत राहताहेत तिकडेच. एवढं नीट लिहिलंत तर अफवेवर वेगळं प्रवचन द्यावं लागणार नाही.

शेजारच्या प्रेमळ काकूंनी डबा दिला आणि सगळं गोड झालं, असा शेवट मात्र कृपया करू नका. त्या मुलीची गोष्ट काकूंच्या चांगुलपणाची होऊन बसते. एखाद्या धर्माला खलनायकही करू नका. बंगळुरूतल्या मुस्लिम संघटनांचे लोक स्थानकावर जाऊन ‘जाऊ नका’ अशी विनवणी करत होते, हेही त्याच दिवसांतलं आहे. पुढच्या काही आठवड्यांत बरेच जण परतले. ती मुलगी वर्गात परत आली तेव्हा हाका थांबल्या होत्या का, तिथवर कथा न्या.

आणि प्रकाशकांनी अशी संहिता छापण्याआधी ईशान्येतून आलेल्या, आपल्याच शहरात राहणाऱ्या एखाद्या पालकाला वाचून दाखवावी. पुण्यात, बंगळुरूत त्यासाठी फार शोधाशोध करावी लागणार नाही. त्या वेळेचं मानधनही द्यावं.