भोपळ्याची बिअर आणि आमचा मोह

हॅलोविन आलं की आमच्या होस्टेलमध्ये पुण्या-मुंबईच्या पबचे मेनू फिरतात. कवटीच्या लेबलची काळी स्टाऊट, भोपळ्याची बिअर, काय काय! माइल्ड बिअरलासुद्धा महाराष्ट्रात २१ पूर्ण लागतात आणि मी विसाचा. पण मत मांडायला परमिट लागत नाही ना?

मित्रांनो, भोपळ्याची बिअर मुळात गरजेतून आलेली. अमेरिकेतल्या वसाहतींत माल्टची टंचाई, म्हणून लोक भोपळा आंबवायचे. आता तीच 'क्राफ्ट' झाली! आणि आमच्या बिरसीकडे? चैत्रात बाया पहाटेच मोहफुलं वेचायला निघतात. २०२१ मध्ये सरकारने फुलं गोळा करण्यावरचे निर्बंध उठवले खरे, पण घरी दारू काढली की ती 'हातभट्टी', आणि धाड. शेजारच्या मध्य प्रदेशात मात्र तीच 'हेरिटेज' दारू आहे.

कॉन्व्हेंटमध्ये कुणी मोहाचं नाव काढलं की पोरं हसायची. मीही हसायचो. माझी आजी फुलं वेचायची, हे मी कधीच सांगितलं नाही.

भुताखेतांचंही तेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, आमच्याकडे नारबोद. तिचं चित्र कुठल्या बाटलीवर पाहिलंय का?

यंदा होस्टेलवर हॅलोविन जरूर करा. भोपळ्याशेजारी नारबोद उभी करणार असाल, तर बांबू आणि कागद मी आणतो.